जुन्या गोव्याचं पुरातत्त्व संग्रहालय कसं पाहावं: आधी तळमजला, मग विजरई

जुन्या गोव्यात रोज बस भरभरून माणसं उतरतात. बॉम जेझू बासिलिका, समोरचं से कॅथेड्रल, चार फोटो, एक लिंबू सोडा, की निघाले किनाऱ्याकडे. से कॅथेड्रलच्याच आवारात, त्याच्या पश्चिमेला, असिसीच्या संत फ्रान्सिसचं चर्च आहे. त्याला लागून असलेल्या मठात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं १९६४ साली संग्रहालय उभं केलं. तिथवर फार थोडे पोचतात. जे पोचतात त्यातले पुष्कळसे दारातल्या अल्बुकर्कच्या पुतळ्यापाशी थांबतात, जिना चढून पोर्तुगीज व्हाइसरॉयांची, म्हणजे विजरईंची, चित्रं बघतात आणि वीस मिनिटांत बाहेर येतात. खालच्या दगडांपाशी कुणी रेंगाळत नाही.

हा लेख त्या दगडांसाठी आहे. मी फोंड्याकडचा. महाराष्ट्रातून पाहुणे आले की त्यांना इथे घेऊन जातो, आणि मराठी वाचणाऱ्या माणसाला या संग्रहालयात किती काही आपलं सापडतं, ते दर वेळी नव्यानं दिसतं. फक्त काय बघायचं आणि कोणत्या क्रमानं, हे आधी ठाऊक हवं.

जायचं कसं आणि कधी

शुक्रवारी जाऊ नका. पुरातत्त्व खात्याची संग्रहालयं शुक्रवारी बंद असतात आणि शनिवार-रविवारला जोडून शुक्रवार धरणारी मंडळी इथेच फसतात. बाकीच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास पोचावं. तोवर उन्हं तिरपी असतात, सहलीच्या बस पूर्ण रिकाम्या झालेल्या नसतात आणि तळमजल्यावर बाजूनं येणारा उजेड मिळतो. त्या उजेडाचं काम पुढे पडणार आहे. तिकीट नाममात्र असतं. सगळं नीट बघायला दोन तास हाताशी ठेवा.

दुसरी खबरदारी नकाशाची. ‘गोवा वेल्हा’ हे गाव वेगळं. ते पणजी-मडगाव रस्त्यावर, झुआरीच्या बाजूला आहे. तुम्हाला जायचंय ते ‘जुने गोवे’ मांडवीच्या काठी, पणजीपासून सुमारे दहा किलोमीटरवर. मोबाइलमध्ये गावाचं नाव न टाकता ‘बॉम जेझू बासिलिका’ असं शोधा, म्हणजे घोळ होणार नाही.

पणजीच्या कदंब स्टँडवरून जुन्या गोव्याच्या बस दिवसभर सुटतात. फोंड्याहून पणजीला जाणाऱ्या बसही इथूनच जातात, गांधी सर्कलला उतरायचं. कोकण रेल्वेनं येणार असाल तर करमळी स्टेशन सगळ्यात जवळचं. पणजीहून येताना रायबंदरमार्गे जाणारी बस मिळाली तर ती घ्या. पाटोपासून रायबंदरपर्यंत मिठागरांच्या आणि खाजणाच्या कडेनं जो लांबलचक बांधरस्ता लागतो, तो १६३०च्या दशकात कोंद द लिन्यारिश या विजरईनं बांधवून घेतला. वरच्या मजल्यावर त्याचं नाव शोधायचं आहे. बसवरचा सिंहही बघून ठेवा. गोव्याच्या एसटीला ज्यांचं नाव आहे त्या कदंब राजांचं ते राजचिन्ह, आणि त्यांच्याच काळचे दगड तुम्ही बघायला निघाला आहात.

३ डिसेंबरचं संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त आणि त्याआधीचे नोव्हेनाचे नऊ दिवस इथे प्रचंड गर्दी असते. फेस्ताची फेरी, म्हणजे जत्रा, आणि खाजं हवं असेल तर जरूर या, पण संग्रहालयासाठी ते दिवस टाळा. पावसाळ्यात मात्र अवश्य यावं. आवार हिरवंगार असतं, माणसं कमी असतात आणि उकाड्यानं जीव हैराण होत नाही.

चर्चच्या आवारात गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे घाला. पाण्याची बाटली घ्या. मोबाइल चार्ज करून आणा.

दारात

आत शिरल्याबरोबर आफोन्सो द अल्बुकर्कचा ब्राँझचा भलामोठा पुतळा समोर येतो. याच माणसानं २५ नोव्हेंबर १५१० रोजी आदिलशाहीकडून गोवा जिंकला. तो दिवस संत कॅथरिनचा होता, म्हणून शेजारचं से कॅथेड्रल तिला वाहिलेलं आहे. पुतळा पूर्वी पणजीत होता, गोवामुक्तीनंतर तो इथे आला. ‘लुसियाड’ या पोर्तुगीज महाकाव्याचा कवी कामोंइश काही वर्षं गोव्यात राहिला होता. बासिलिका आणि कॅथेड्रलच्या मधल्या बागेत उभा असलेला त्याचा पुतळाही पुढे संग्रहालयातच आणला गेला. राजवट गेली की तिचे पुतळे फोडायचे की संग्रहालयात नेऊन ठेवायचे, या प्रश्नाचं गोव्यानं दिलेलं हे उत्तर मला फार शहाणपणाचं वाटतं. इथे पाच मिनिटं पुरेत.

वीरगळ: खालून वर वाचायचा

आता जिन्याकडे न वळता तळमजल्यावरच्या शिल्पांकडे चला. इथे सगळ्यात जास्त वेळ द्यायचा.

लढाईत पडलेल्या वीराच्या नावानं उभा केलेला दगड म्हणजे वीरगळ. कोकणात आणि देशावर गावोगाव, देवळाच्या आवारात, पारावर, कधी नुसते शेतात पडलेले वीरगळ असतात आणि शेंदूर फासलेला कुठला तरी देव म्हणून आपण त्यांना हात जोडून पुढे जातो. इथे ते स्वच्छ, शेंदराविना, समोरासमोर बघता येतात. ते वाचायला शिकण्यासाठी याहून बरी जागा गोव्यात मला ठाऊक नाही.

दगडावर आडव्या पट्ट्या असतात. वाचायला सुरुवात सगळ्यात खालून करायची. खालच्या पट्टीत लढाई असते. ढाल-तलवार घेतलेली माणसं दिसतात, घोडा असतो, कधी पायाशी आडवा झालेला देह. गाईगुरं कोरलेली दिसली तर पळवून नेलेलं गावाचं गोधन सोडवताना हा वीर कामी आला, असं समजायचं. त्यावरच्या पट्टीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेत असतात. त्याहून वर तो हात जोडून शिवलिंगापुढे बसलेला असतो, शेजारी पुजारी असतो. माथ्यावर बहुधा कलश, आणि दोन बाजूंना चंद्र-सूर्य. जोवर चंद्र-सूर्य आहेत तोवर याची कीर्ती राहो, असा त्यांचा अर्थ. दगडागणिक पट्ट्या कमी-जास्त होतात, क्रम मात्र हाच. दोन वीरगळ असे सावकाश वाचले की तिसरा मुलंसुद्धा आपण होऊन वाचतात.

या संग्रहालयाचं वैशिष्ट्य म्हणजे जहाजांचे वीरगळ. त्यांत घोड्याच्या जागी गलबत येतं. एका दगडावर शिडाचं जहाज आहे, दुसऱ्याचा विषय समुद्रावरची लढाई. असे दगड फार थोड्या ठिकाणी आहेत. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला आहेत, ते पाहिलेल्यांना इथे ओळख पटेल. जमिनीवरचे वीर आपल्याला ठाऊक असतात, त्यांची नावं बखरींत येतात. दर्यावर मेलेल्यांच्या वाट्याला काही येत नाही. कुणीतरी त्यांच्यासाठी दगड घडवला, पाथरवटानं त्यावर डोलकाठी आणि माणसं कोरली, आणि तो दगड आठशे-नऊशे वर्षं टिकला. या वीरगळासमोर निदान दहा मिनिटं उभे राहा. गलबताची नाळ म्हणजे पुढचा भाग कुठला आणि वराम म्हणजे मागचा कुठला, माणसांच्या हातांत काय आहे, पाणी कसं दाखवलंय, एकेक करत बघा.

हे दगड कदंबांच्या काळातले. गोव्याचे कदंब आधी चांदोरला, म्हणजे चंद्रपुराला होते. अकराव्या शतकात पहिल्या जयकेशीनं राजधानी झुआरीकाठच्या गोपकपट्टणला हलवली. ते बंदर होतं आणि राजांचं समुद्राशी रोजचं नातं होतं. कदंब राजा समुद्रमार्गे सोमनाथाच्या यात्रेला निघाल्याचा उल्लेख त्यांच्या लेखांत येतो. एवढं मनात ठेवलं की त्या दगडी गलबताचं नवल वाटत नाही, पण ते आपल्या घरातलं वाटायला लागतं.

सतीशिळा

वीरगळांजवळच सतीशिळा आहेत. ओळखायची खूण सोपी: खांबातून बाहेर आलेला, कोपरात वाकलेला उजवा हात, मनगटात बांगड्या, पंजा वर. बांगड्या शाबूत दाखवणं म्हणजे ती सुवासिनी गेली असं सांगणं. माझी साताऱ्याकडची मावशी या दगडापाशी आली, पर्स काखेत धरली आणि हात जोडून म्हणाली, “आमच्या गावातबी हाय असा. आमी बाया संक्रांतीला वाण ठेवतो तितं. पण ही कोण हे कुणी सांगितलं न्हवतं.” मग बराच वेळ ती त्या कोरलेल्या बांगड्या मोजत राहिली. सोबत मुली असतील तर हा दगड टाळू नका. काय होतं ते त्यांना सरळ शब्दांत सांगा आणि त्या विचारतील त्या प्रश्नांना उत्तरं द्या.

विष्णूचे हात, दगडावरची अक्षरं

कदंबकाळातल्या मूर्तींमध्ये प्रभावळीवर दशावतार कोरलेला विष्णू आहे. आधी हातांतली आयुधं बघा. खालच्या उजव्या हातापासून सुरुवात करून वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा असं जायचं. मूर्तीचा उजवा, आपला नव्हे. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर तो केशव. ‘पशंचग म्हणजे केशव’ असं मूर्ती पाहणारे घोकतात. क्रम बदलला की नाव बदलतं. संध्येतली चोवीस नावं अशीच हातांच्या क्रमावर मांडलेली आहेत. तुमच्या समोरची मूर्ती कुठली ते आधी स्वतः काढा आणि मग पाटी वाचा. त्यानंतर प्रभावळीवरचे अवतार. वराह आणि नरसिंह सहज सापडतात, मत्स्य आणि कूर्म शोधावे लागतात. जवळच शिव-पार्वतीची उमालिंगन मूर्ती आणि सूर्यही आहेत.

शिलालेख मराठी आहेत तसे फारसीही आहेत. मराठी लेखापुढे उभं राहिलं की आपल्याला वाटतं, लिपी देवनागरी आहे, म्हणजे वाचता येईल. तसं लगेच होत नाही. अक्षरवटिका, म्हणजे अक्षरांची वळणं, जुनी, शब्द सलग, दगड झिजलेला. म्हणून पहिल्या ओळीपासून झगडत बसू नका. आधी ‘श्री’ शोधा, तो बहुधा आरंभी असतो. मग ‘शके’ हा शब्द आणि त्यापुढचे आकडे शोधा. आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन आला, म्हणजे शके १५९० असेल तर १६६८. आकड्याच्या पुढे संवत्सराचं नाव, महिना, पक्ष, तिथी, वार असा पंचांगाचा ऐवज येतो. तो आपल्या ओळखीचा असतो, तिथे अक्षरं भराभर उलगडतात. तेवढं जमलं की अर्धा लेख हाती लागतो.

इथेच तो बाजूचा उजेड लागतो. समोरून पाहिलं तर अक्षरं दिसत नाहीत, दगडाच्या कडेला जाऊन तिरपं पाहिलं की खोदकामात सावली धरते आणि अक्षर उठून दिसतं. फोटोही तसाच कडेनं घ्या, फ्लॅश मारू नका. आणि दगडाला हात लावू नका. खडू, हळद, पाणी लावून अक्षरं ‘उठवण्याची’ गावाकडची रीत अनेक चांगले लेख खाऊन गेली आहे. तुमच्या गावात असा लेख असेल तर तिथेही ही रीत बंद करा.

एवढे दगड इथे आले कुठून, हा प्रश्न पडायलाच हवा. १५४०च्या सुमारास तिसवाडीतली, म्हणजे याच परिसरातली, देवळं पाडली गेली. काही देव खाडी ओलांडून पलीकडे गेले, काही दगड भिंतींत आणि पायात गाडले गेले. ज्या फ्रान्सिस्कन पाद्र्यांचा हा मठ, ते १५१७ साली गोव्यात आले होते. १८३५ साली धार्मिक संघांवर बंदी आली, पाद्री गेले, वास्तू रिकाम्या पडल्या. आणि आज त्यांच्याच ओवऱ्यांत विष्णू, सूर्य आणि वीरगळ उभे आहेत. मी कितीही वेळा गेलो तरी या ठिकाणी मन थबकतं.

आता वर

वरच्या मजल्यावर सुमारे साठ माणसं तुमच्याकडे रोखून बघत असतात. गव्हर्नर आणि व्हाइसरॉय, आपल्या जुन्या कागदांतले विजरई. ही चित्रमालिका जुआंव द कास्त्रो यानं १५४७ साली सुरू केली. गास्पार कोरैया या इतिहासकारानं आधीचे गव्हर्नर डोळ्यांनी पाहिले होते, म्हणून चेहरे सांगायचं काम त्याच्याकडे आलं, आणि रंगवलं ते इथल्याच एका चित्रकारानं. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. जुनी चित्रं लाकडी फळ्यांवर आहेत. पुढे पुन्हा पुन्हा त्यांवर रंग चढवला गेला, त्यामुळे चेहऱ्यांत मूळ हात किती राहिला हे सांगणं कठीण. म्हणून कलेच्या दृष्टीनं चेहऱ्यांपेक्षा कपडे बघा. चिलखतं जातात, मोठ्या कॉलरी येतात, मग कुरळे टोप, मग बिल्ल्यांचे गणवेश. चार शतकांची युरोपची फॅशन एका भिंतीवर लागली आहे.

सगळी चित्रं बघत बसलात तर कंटाळाल. मराठी वाचकानं काही नावं मनात धरून पाट्या वाचाव्यात. कोंद द लिन्यारिश म्हणजे तुमच्या बसचा रस्ता. कोंद द सांदोमिल विजरई असताना १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली. मार्केज द आलोर्न यानं १७४६ साली सावंतवाडीकरांकडून पेडण्यातला हळर्णचा किल्ला घेतला आणि त्या किल्ल्याचंच नाव त्याला किताब म्हणून मिळालं.

आणि कोंद द आल्व्होर. हा १६८१ ते १६८६ इथे होता. १६८३च्या पावसाळ्यानंतर त्यानं आमच्या फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला, संभाजीराजे धावून आले आणि त्याला माघार घ्यावी लागली. नोव्हेंबरच्या अखेरीस एका रात्री मराठ्यांनी जुवे बेट घेतलं. ते इथून जवळच, मांडवीच्या पात्रात आहे. ते परत घ्यायला आल्व्होर स्वतः गेला आणि जेमतेम जीव वाचवून परतला. त्यानंतर त्यानं बॉम जेझूत जाऊन झेवियरच्या शवपेटीत आपला राजदंड ठेवला आणि गोवा वाचवण्याची प्रार्थना केली. मोगलांची फौज मागे आली म्हणून राजांना परतावं लागलं. आल्व्होर ज्या बासिलिकेत गुडघे टेकून बसला ती रस्त्यापलीकडे आहे. वरून उतरल्यावर तिथे जा, आता ती तुम्हाला वेगळी दिसेल. तिच्या भिंती उघड्या जांभ्याच्या आहेत, कारण १९५०च्या दशकात त्यांचा गिलावा काढून टाकला. गिलाव्याविना पावसात जांभ्याचं काय होतं ते जवळ जाऊन बघा.

शेजारचं चर्च आणि पुढे

संग्रहालयाला लागूनचं संत फ्रान्सिसचं चर्च चुकवू नका. इमारत १६६१ची, पण काळ्या दगडाचा नक्षीदार दरवाजा आधीच्या, १५२१ सालच्या चर्चचा, तसाच ठेवलेला. आत जमिनीवर थडग्यांचे दगड आहेत, त्यांवर कुळचिन्हं कोरलेली. पाय जपून टाका.

ताकद उरली असेल तर होली हिलवर चढा. संत आगुस्तिनच्या चर्चचा सेहेचाळीस मीटर उंचीचा पडका मनोरा आणि समोर सांता मोनिकाच्या मठातलं ख्रिस्ती कला संग्रहालय. हस्तिदंत आणि चांदीचं काम बघायचं असेल तर तिथे. ते २०२२ साली नव्यानं मांडून उघडलं, मांडणी फार सुंदर आहे. त्याचं तिकीट वेगळं. लहान मुलं सोबत असतील तर हे दुसऱ्या दिवसावर टाका.

त्याऐवजी मी आमच्या पाहुण्यांना नदीकडे नेतो. विजरईच्या कमानीखालून धक्क्यावर यायचं आणि दिवाडीची फेरीबोट धरायची. दिवाडी बेटावर कदंबांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर होतं. त्यांच्या नाण्यांवर त्याचं नाव असायचं. ते देऊळ पाडल्यावर देव पलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला गेला आणि शिवाजी महाराजांनी १६६८ साली तिथलं देऊळ नव्यानं बांधायला काढलं. बेट ओलांडून दुसऱ्या टोकाच्या फेरीनं नार्व्याला उतरता येतं. स्वतःची गाडी असेल तर उत्तम, नाहीतर दिवाडीवर रिक्षा ठरवून घ्या. देवळात शके १५९०चा लेख आहे. सकाळी शिकलेलं तिथे वापरून बघा: श्री, शके, संवत्सर, कार्तिक, आणि मग शिवरायांचं नाव. परतीला फेरीसाठी थांबायचं नसेल तर नार्व्याहून डिचोली गाठा, तिथून पणजी आणि म्हापशाच्या बस मिळतात.